दोन इंजिनांचा एक सूर

१९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री डाकोटांची गर्दी होऊ लागली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी विमानं यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत परतीची वाट धरायची. डाकोटाला इंजिनं दोन. त्यांचे फेरे जुळले नसले की आवाज सलग येत नाही. वांऽव, वांऽव असा झुलत येतो. वैमानिक तो झोका कानानं टिपत आणि मूठ केसभर सरकवून नाहीसा करत.

रिमोटवर उडणाऱ्या दुइंजिनी मॉडेलमध्येही हेच घडतं. समजा एक पंखा मिनिटाला ९,००० फेरे घेतोय आणि दुसरा ९,०६०. दोन पात्यांचा पंखा असेल तर पहिला सेकंदाला ३०० वेळा हवा कापतो, दुसरा ३०२ वेळा. वरचे दोन आपल्याला ऐकू येतात: सेकंदाला दोनदा आवाज फुगतो, ओसरतो. फरक एक टक्कासुद्धा नाही, डोळ्याला तो जन्मात दिसायचा नाही! तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा लावणाऱ्याला मात्र यात नवल वाटणार नाही.

ज्यांचा कानावर भरवसा नाही, त्यांच्यासाठी ऑप्टिकल टॅकोमीटर असतो. पात्यांआडून लुकलुकणारा उजेड मोजून तो फेरे सांगतो. गंमत म्हणून तो जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटसमोर धरावा. पंख्याचा पत्ता नाही, तरी आकडा ३,०००! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि यंत्राला वाटतं, दोन पाती फिरताहेत.

नागपुरात यात उन्हाळाही लुडबुड करतो. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना लावलेलं मॉडेलचं ग्लो इंजिन मेमधल्या ४५ अंशांना घोगरं, सुस्त चालतं. तापलेली हवा सुमारे ११ टक्के विरळ. इंधनातलं मिथेनॉल त्या मानानं जास्त जातं, मिश्रण ‘रिच’ होतं. मग इंधन कमी-जास्त करणारी नीडल जराशी आवळायची. जराशीच, कारण इंधन कमी पडून ‘लीन’ झालेलं इंजिन तापतं आणि नेमकं वर गेल्यावर बंद पडतं. म्हणून दोन इंजिनं जुळवतानाही मागे पडलेल्याला पिळायचं नाही; पुढे पळणाऱ्याची नीडल सैल करून त्याला मागे आणायचं. नंतर विमानाचं नाक आभाळाकडे धरून पाहायचं. टाकीतलं इंधन इंजिनापेक्षा खाली जातं, आणि तरीही दोघं गुरगुरत राहिली तर ठीक.

खरं सांगायचं तर थोडा झोका राहिला तरी विमानाचं काही बिघडत नाही. सूर जुळणं ही आपली हौस. एक इंजिन थांबलं तर मात्र विमान त्याच बाजूला वळतं, तोच पंख खाली जातो. अशा वेळी हात आपसूक थ्रॉटल वाढवायला धावतो आणि विमान उलथतं. चालू इंजिनही मंद करायचं, नाक किंचित खाली ठेवून वेग राखायचा आणि समोर मोकळं मैदान दिसेल तिथं तरंगत उतरवायचं.