क्लचची ऊब

इंजिन अखंड फिरते. चाके मात्र कधी थांबतात, कधी निघतात. या दोहोंची सांगड घर्षणाच्या बळावर घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच होय. चाळीसगावहून कन्नडमार्गे गारखेड्यास परतताना औट्रम घाट चढावा लागतो. तेथे वाहनांची रांग अडली, की अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरण्याचा मोह होतो. साध्या क्लचप्लेटचे अस्तर त्या घसटीने तापते, पकड ढिली पडते आणि जळका वास सुटतो.

कार्बन क्लचचा स्वभाव याच्या उलट आहे. थंड असता त्याची पकड कमी. ऊब आली म्हणजे ती वाढते. 2011 साली ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तीतील मोटारींचे क्लच याच जातीचे होते. असा क्लच रस्त्यावरच्या गाडीत बसविणाऱ्याने सकाळी निघताच जोराने अॅक्सिलरेटर दाबला, तर इंजिन ओरडेल, गाडी मात्र रेंगाळेल. त्यापेक्षा मोकळ्या, सपाट जागी इंजिन फार न वाढविता, क्लच हळूहळू सोडून गाडी दोन-चार वेळा थांबवावी व काढावी. तेवढ्याने पकड येते.

परंतु ऊब आणणे निराळे आणि भाजणे निराळे. चढावर गाडी धरून ठेवणे हे कोणत्याच क्लचचे काम नव्हे. त्यासाठी हँडब्रेक आहे.