डॅशबोर्ड चमकला की काच आंधळी होते

मे महिना, सकाळचे दहा वाजलेले. फुलसावंगीहून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालो होतो. आदल्या दिवशी गाडी धुवायला दिली, तेव्हा धुणाऱ्या मुलानं आपुलकीनं विचारलं होतं, "काका, डॅशबोर्डला पॉलिश मारून देऊ का? शोरूममधून काढल्यासारखा दिसेल." मी हो म्हणालो, आणि डॅशबोर्ड खरंच तसा दिसत होता. उघड्या रस्त्यावर काही जाणवलं नाही. पण समोर कडुलिंबाची दाट सावली आली आणि पुढच्या काचेवर पांढुरका पडदा उतरला. एसीच्या जाळ्या, डॅशबोर्डवर ठेवलेली पावती, सगळं काचेत तरंगत होतं. त्या पडद्यामागं सावलीत एक बैलगाडी उभी होती. ती दिसली तेव्हा अंतर फार उरलं नव्हतं. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. तरी त्या दिवसापासून डॅशबोर्डचं पॉलिश हा माझ्या लेखी गाडी सजवण्याचा विषय राहिला नाही. तो नजरेचा विषय झाला.

काचेत असं का दिसतं, ते आधी पाहू. आताच्या गाड्यांची पुढची काच बरीच निजलेली असते. आपली नजर सरळ रस्त्याकडे जाते, पण तिचा काही भाग त्या तिरक्या काचेवरून खाली वळतो आणि डॅशबोर्डवर पडतो. सरळ समोर धरलेली साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के परत फेकते. काच जितकी तिरकी, तितकं हे प्रमाण वाढतं. म्हणजे डॅशबोर्डची छबी काचेत कायमच असते, फक्त काळ्या, खरखरीत पृष्ठभागाची छबी इतकी अंधूक असते की डोळा तिची दखल घेत नाही. तोच पृष्ठभाग तुकतुकीत झाला की तो आरशासारखा वरचं आभाळ आणि सूर्य काचेत पाठवतो. सूर्य समोर आणि बराच वर असेल तेव्हा हे सगळ्यात वाईट. आपल्या भागात उन्हाळ्यात ती वेळ सकाळी दहाच्या आणि दुपारी दोनच्या सुमाराला येते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. समोर ऊन असेल तर छबी त्यात बुडून जाते, सावली असेल तर ती उठून दिसते. म्हणून झाडाखाली उभा असलेला माणूस, बकरी किंवा गाडी आधी हरवते.

खात्री करायची असेल तर दुपारी डॅशबोर्डवर वर्तमानपत्राचं पान पसरा आणि चालकाच्या जागेवर बसून काचेतून पाहा. मग त्याच जागी काळं सुती कापड टाका. फरक लगेच कळेल. आतली सजावट फिकट रंगाची असलेल्या कित्येक गाड्यांतही डॅशबोर्डचा वरचा भाग मात्र काळा किंवा गडद ठेवलेला असतो, तो याच कारणासाठी.

"नवी गाडी चमकते, तशी चमक परत आणायची," असं बरेच जण म्हणतात. ही समजूत मुळातच चुकीची आहे. नव्या गाडीचा डॅशबोर्ड चमकत नाही. कारखान्यातच त्याच्यावर बारीक कातड्यासारखी दाणेदार नक्षी उठवलेली असते, उजेड चहूकडे विखुरला जावा म्हणून. पॉलिशमधलं तेल त्या खाचांत भरतं, पृष्ठभाग सपाट होतो आणि चमक येते. म्हणजे कारखान्यानं मुद्दाम केलेलं काम आपण पैसे देऊन पुसतो. बोट फिरवून पाहा, नव्या डॅशबोर्डला किंचित खर लागते. ती खर टिकवायची आहे.

दुसरी समजूत अशी की जितकी चमक, तितकं संरक्षण. चमकेचा आणि संरक्षणाचा संबंध नाही. संरक्षण मिळतं ते पातळ, कोरड्या थरातून. तो थर धूळ चिकटू देत नाही, पुसणं सोपं करतो, आणि काहींत अतिनील किरण शोषणारे घटक असतात. असा थर चमक न आणताही बसवता येतो. ओलसर चमक मात्र आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ धरून ठेवते. कापसाच्या दिवसांत शेताच्या रस्त्यानं दोन फेऱ्या मारा, पॉलिश केलेल्या डॅशबोर्डवर राखाडी लेप बसलेला दिसेल.

अतिनील किरणांची भीती घालून बऱ्याच बाटल्या विकल्या जातात. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा दाबून केलेली असते आणि तो पापुद्रा हे किरण बहुतांशी अडवतो. २०१६ साली अमेरिकेत २९ गाड्यांच्या काचा मोजल्या, तेव्हा पुढच्या काचा सरासरी ९६ टक्के अतिनील-ए किरण अडवताना आढळल्या आणि बाजूच्या काचा सरासरी ७१ टक्के. डॅशबोर्डच्या वरच्या भागाचा मोठा शत्रू उष्णता आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अॅरिझोनात केलेल्या मोजणीत तासभर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापला. सावलीतल्या गाडीचा ४८ अंशांवर थांबला. तिथला उन्हाळा आणि यवतमाळचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा एकाच जातीचे. २१ अंशांचा हा फरक कोणतीही बाटली पाडू शकत नाही. तो झाड पाडतं, किंवा पुढच्या काचेला आतून लावलेला रुपेरी पडदा पाडतो. मला कुणी विचारलं तर मी आधी पडदा घ्यायला सांगतो, पॉलिश नंतर.

"सिलिकॉन लावलं की डॅशबोर्ड तडकतो," हे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. सिलिकॉन तेल रासायनिकदृष्ट्या शांत असतं, ते प्लास्टिक विरघळवत नाही. ते चमक आणतं, हात निसरडे करतं, आणि रंगकाम करणाऱ्यांना नकोसं असतं, कारण सिलिकॉनचा हात लागलेल्या पत्र्यावर रंग नीट बसत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. तडे मात्र वेगळ्या कारणानं जातात. मऊ पीव्हीसीच्या आवरणात लवचीकपणासाठी मिसळलेले घटक उष्णतेनं हळूहळू उडून जातात, आवरण आखडतं आणि फाटतं. पेट्रोलियम द्रावकावर आधारलेली पॉलिशं आणि रॉकेल-पेट्रोलचा बोळा हे घटक ओढून काढायला मदत करतात. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचा डॅशबोर्ड कडक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो सहसा तडकत नाही, फिका पडतो.

म्हणून बाटली घेताना पाहायचं ते हे. दुधासारखा पांढरा, पातळ द्रव बहुधा पाण्यावर आधारलेला असतो. पारदर्शक, तेलकट आणि रॉकेलसारखा वास मारणारा असेल तो द्रावकावरचा. "पाण्याचं म्हणजे भेसळीचं" असं दुकानात कुणी म्हणालं तर ऐकू नका. इथे पाणी हे वाहक आहे. ते उडून जातं आणि मागे पातळ थर उरतो. द्रावकाच्या पॉलिशचे अंश मात्र तापलेल्या गाडीत वाफ होऊन काचेच्या आतल्या बाजूला बसतात. रात्री नागपूर-तुळजापूर महामार्गावर समोरून ट्रकचे दिवे आले की त्या तेलकट थरावर उजेड फुटतो. लेबलवर "मॅट" किंवा "नॅचरल" फिनिश शोधा. "सॅटिन" म्हणजे मधली चमक, ती दारांच्या पॅनलला चालेल. "हाय ग्लॉस" आणि "वेट लुक" डॅशबोर्डच्या वरच्या भागाला नको. लेबलवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. हातमोजे ठेवायच्या कप्प्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यावर थोडं लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी उन्हात न लावलेल्या भागाशी ताडून पाहा. फरक दिसला नाही तर ते घ्यायचं.

घरचं खोबरेल तेल स्वस्त आणि शुद्ध, हे खरं. पण ते सुमारे २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे नक्षीच्या खाचांत बसलेला त्याचा पांढरा मेणचट थर मी नखानं खरवडून काढला आहे. उन्हाळ्यात तेच तेल पातळ होऊन बटणांच्या फटीत उतरतं.

लावण्याची पद्धत बाटलीइतकीच महत्त्वाची. जुनी चमक आधी काढावी लागते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब, मऊ दाढीचा ब्रश, मग साध्या पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं, आणि पूर्ण कोरडं करणं. माझ्या गाडीला तीन वेळा करावं लागलं, तिसऱ्यांदा फडकं स्वच्छ निघालं. नंतर गाडी सावलीत, डॅशबोर्ड गार. फवारा थेट मारायचा नाही, मायक्रोफायबरच्या कापडावर दोन फवारे पुरतात. दहा मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या कापडानं जोर देऊन पुसायचं, उरलेली बहुतेक चमक तिथेच जाते. स्टिअरिंग, पेडल आणि गिअरच्या मुठीला हे अजिबात लावायचं नाही. फवाऱ्याचा दाबाचा डबा असेल तर तो गाडीत ठेवू नका, त्याच्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये असं छापलेलं असतं.

चमक टाळायला कुणी डॅशबोर्डवर मखमली चटई अंथरतात. उजेडाच्या बाबतीत ती चांगली आहे. पण नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि शेजारच्या जागेसाठी नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. शेजारच्या माणसाची एअरबॅग डॅशबोर्डमधूनच उघडते. चटई, चिकटवलेली मूर्ती किंवा अत्तराची बाटली त्या झाकणावर येता कामा नये.

आता वॉशिंगला गाडी दिली की मी त्या मुलाला सांगतो, वरचा भाग फक्त ओल्या फडक्यानं पूस. पहिल्यांदा त्याला ते अर्धवट काम वाटलं. मी त्याला चालकाच्या जागेवर बसवलं आणि डॅशबोर्डवर वर्तमानपत्राचं पान ठेवलं. काचेत त्याला छापलेली अक्षरं उलटी दिसली.