लोहाचं औषध देऊनही बाळ फिकटच?

मैत्रिणींनो, मोहन्यात गटाच्या बैठकीत कुणाचं रक्त कमी आहे असं निघालं की आपण लगेच लोहाच्या गोळ्यांवर येतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण तान्हं बाळ पहिल्या वर्षातच पांढरंफटक पडलं आणि लोहाच्या औषधानेही सुधारलं नाही, तर कारण वेगळं असू शकतं.

आपल्या पेशींत रायबोसोम नावाचे बारीक कारखाने असतात. शरीराला लागणारी प्रथिनं तिथेच बनतात. (त्यांची रचना उलगडल्याबद्दल तमिळनाडूत जन्मलेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल मिळालं, आणखी दोघांसोबत.) कारखान्याला स्वतःलाच सुमारे ८० प्रथिनांचे सुटे भाग लागतात. त्यातल्या एका भागाची कृती 'आरपीएस १९' या जनुकात असते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की कारखाने कमी पडतात. लाल पेशी तर रोज अब्जावधी लागतात, म्हणून फटका आधी त्यांनाच. हा डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया. फार दुर्मिळ आहे. त्याचा या जनुकाशी संबंध १९९९ मध्ये कळला.

बऱ्याच बाळांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो, आईबापांत नसतो. तेव्हा "सुनेनं गरोदरपणी नीट खाल्लं नाही" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

उपचार आहेत: स्टेरॉइड, रक्त चढवणं, काहींना अस्थिमज्जा प्रत्यारोपण. वारंवार रक्त चढवलं की अंगात लोह साठतं, म्हणून अशा बाळाला मनाने लोहाचं औषध देऊ नका. डॉक्टरांना सीबीसीसोबत रेटिक्युलोसाइट तपासणीचं विचारा. कोवळ्या लाल पेशी तयार होतायत की नाही, ते त्यात दिसतं.