चिंच की कडुनिंब?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी चिंच होती. रस्ता रुंद करताना ती तोडली. तेव्हापासून मुलांना शाळेतून न्यायला येणाऱ्या बायका आणि एस.टी.ची वाट पाहणारे म्हातारे उन्हात उभे राहू लागले. शेवटी रस्त्याला लागून असलेल्या शाळेच्या पटांगणात एक मोठं झाड लावायचं ठरलं. जागा एकाच झाडापुरती. बैठकीत दोन पक्ष पडले, एक कडुनिंबाचा, एक चिंचेचा. मी कविता लिहितो, म्हणजे झाडांतलंही मला कळत असणार, असा लोकांचा समज. निवाडा माझ्याकडे आला.

‘‘चिंच मुळात आफ्रिकेची, आपलं झाड कडुनिंबच,’’ असं एकजण म्हणाला. ते खरंच आहे. पण गंमत अशी, की अरबांनी चिंचेला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर म्हटलं आणि त्यावरून ‘टॅमरिंड’ आलं. उलट इथल्या कडुनिंबाचं शास्त्रीय नाव ‘अझाडिरॅक्टा’ हे फारसी ‘आझाद दरख्त’वरून आलेलं. बाहेरून आलेल्या झाडाच्या नावात हिंद आणि इथल्या झाडाच्या नावात फारसी! तेव्हा आपलं-परकं हा मुद्दा आम्ही बाजूला ठेवला आणि गुण पाहू लागलो.

कडुनिंब काटक. हलक्या, मुरमाड जमिनीत, थोड्या पावसावरही तग धरतो. वाढतो भराभर, पाच-सात वर्षांत खाली खाट टाकावी. लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. मात्र मुळाशी पाणी साचलेलं त्याला खपत नाही आणि ऊन तापू लागतं त्याच सुमारास त्याची पानगळ होते. चैत्रात पालवी फुटते खरी, पण मधले काही दिवस सावली विरळ.

चिंच सावकाश वाढणारी. बी लावलं तर फळाला आठ-दहा वर्षं सहज लागतात. पण मूळ खोल जातं, फांदी चिवट, वादळाला लवकर दाद देत नाही. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो, तो उगीच नाही. सावली जवळजवळ बारमाही आणि वय शंभरीपार. मुलं चिंचांसाठी दगड मारणार, म्हणून झाड कौलांपासून लांब हवं. चिंचेखाली रात्री झोपू नये, असं अम्मा सांगायची. पण शाळेत रात्री झोपायला येतं कोण?

मग आम्ही खड्डा खणून पाहिला. चार फूट काळी माती, खाली मऊ मुरूम. दीड फुटावर कातळ लागला असता, तर मी डोळे मिटून कडुनिंब म्हटलं असतं. इथं मी चिंच म्हणालो. भिंतीपासून तीस फूट, विजेच्या तारांपासून दूर.

तेव्हा एक आजोबा उठले. ‘‘कवी, तुमची चिंच मोठी होईस्तोवर आम्ही बसायचं कुठं?’’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. झाड निवडताना माती, भिंत, तारा हे सगळं मी पाहिलं. सावली कुणाला आणि कधी हवी, हे विचारायचं राहिलं होतं. तुम्ही झाड लावाल, तेव्हा हा प्रश्न आधी विचारा. आम्ही वर्गणी काढून रोपाच्या पलीकडं पत्र्याची शेड घातली.

रोप आता गुडघ्याएवढं झालंय. शेडखाली बसलेले म्हातारे त्याच्याकडं जरा रागानंच बघतात. पाणी मात्र तेच घालतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)