विमानाच्या पोटातलं भुंकणं

एअरबस ए-३२० विमानात मधल्या रांगांमध्ये बसलात, तर विमान हलायच्या सुमाराला पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. बहुतेकांचं लक्षच जात नाही. ज्यांचं जातं ते 'सामान भरत असतील' म्हणून सोडून देतात. या विमानात हिरवी, निळी आणि पिवळी अशा नावांच्या तीन हायड्रॉलिक यंत्रणा असतात. हिरव्या आणि पिवळ्या यंत्रणेच्या दाबात ५०० पीएसआयहून जास्त फरक पडला की मधलं एक यंत्र आपोआप जागं होतं आणि दाब कमी असेल तिकडे जोर पोचवतं. एकच इंजिन चालू असताना ते सुरू होतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. भुंकतं ते हेच.

स्वमग्न मुलाला हा आवाज ऐकू येतो तेव्हा 'सोडून दे' हा पर्याय त्याच्याकडे बऱ्याचदा नसतो. असं का?

आपल्या हातानं आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, कारण बोट कुठं लागणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. अपेक्षित असलेली गोष्ट तो दबक्या आवाजात ऐकतो. आयआयटी दिल्लीत शिकलेले, एमआयटीत संशोधन करणारे पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक विचार मांडला: स्वमग्नतेच्या मुळाशी पुढचा अंदाज बांधण्यातली अडचण असू शकेल. यावर अजून शिक्कामोर्तब झालेलं नाही. पण ही मांडणी वाचली की दोन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकमेकींशेजारी येऊन बसतात. अंदाज लागत नसेल तर दहाव्यांदा झालेला आवाजही पहिल्याइतकाच अंगावर येणार, आणि मग रोज त्याच रस्त्यानं, त्याच ताटात, त्याच क्रमानं हवं असणं हा हट्ट कसला? ती तर सोय झाली.

त्या हिशेबानं भिलाई टाउनशिप अशा मुलाला मानवावी. १९५५ च्या सोव्हिएत करारातून पोलाद कारखाना आला आणि त्याच्याबरोबर कागदावर आखलेलं गावही आलं. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर, सगळ्यांना आकडे. इथल्या मराठी घरांची नागपूर-पुण्याची जुनी वाटही सरळ आहे: दुर्गहून गाडी धरायची. राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया, स्टेशनं ठरलेल्या क्रमानं येतात आणि खिडकीतून येताना दिसतात. विमानाला खिडकी असते, पण तिच्यातून पुढचं काहीच कळत नाही.

भिलाईजवळ नंदिनीला धावपट्टी आहे, तरी प्रवासी विमानासाठी रायपूरचं माना गाठावं लागतं. माझ्या मते तयारीची सुरुवात तिकिटाच्याही आधी, याच रस्त्यापासून करावी. एकदा नुसतंच मान्याला जायचं, विमान उतरताना बघायचं आणि घरी यायचं. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर २०११ पासून याची पुढची पायरी चालते: स्वमग्न मुलं घरच्यांसह बोर्डिंग पास घेतात, सुरक्षातपासणीतून जातात, खऱ्या विमानात पट्टा बांधून बसतात आणि विमान न उडताच उतरतात. आपल्याला ही रंगीत तालीम घरी करावी लागते. चार खुर्च्यांची रांग, ओढणीचा पट्टा आणि मोबाइलवर विमानाचे आवाज, आधी अगदी हळू, मग हळूहळू मोठे.

या तालमीला संहिता लागते. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या सुमाराला मुलांसाठी 'सोशल स्टोरी' लिहायची पद्धत सुरू केली. छोटी वाक्यं, चित्रं, घडणार त्याच क्रमानं. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'कधी कधी' या शब्दांना दिलेला मान. 'सगळं छान होईल' असं लिहायचं नाही. विमान उशिरा आलं की ते खोटं ठरतं. 'कधी कधी दिल्लीत धुकं पडतं. मग रायपूरला विमान उशिरा येतं. तेव्हा आम्ही खुर्चीवर बसून चिवडा खातो.' अनिश्चितपणालाही वेळापत्रकात जागा मिळते!

अंगझडतीचं पानही हवं. हलका, अचानक स्पर्श अनेक स्वमग्न मुलांना सोसत नाही, घट्ट दाब मात्र शांत करतो. टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न शास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी स्वतःसाठी अंग दोन्ही बाजूंनी दाबून धरणारं यंत्रच बनवलं होतं. म्हणून झडती घेणाऱ्याला आधीच सांगावं: हात कुठं लागणार ते बोलून दाखवा आणि पूर्ण तळवा टेकवा.

उडताना पाठ मागे कलल्यासारखी वाटते. त्यात खरा कल किती आणि नुसता वेग किती, हे आतल्या कानाला वेगळं सांगता येत नाही. थोड्या वेळानं इंजिनाचा जोर कमी करतात तेव्हा विमान खाली चालल्याचा भास होतो; ते वरच चाललेलं असतं. काही मुलांना हे इतकं आवडतं की पुन्हा हवं म्हणून रडतात. कानाचं दुखणं मात्र उतरताना. वर असताना केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावरच्या हवेएवढा असतो. खाली येताना तो वाढतो, कानाचा पडदा आत ढकलला जातो. घशापासून कानापर्यंतची नळी गिळताना उघडते आणि मुलांमध्ये ती अरुंद व आडवी असते. म्हणून विमान खाली येऊ लागलं की स्ट्रॉनं घोट घोट पाणी द्यावं. संडासाचा तो भयंकर 'घप्प' आवाज बाहेरच्या विरळ हवेमुळे होतो. फ्लश आपण दाबावा, मूल दाराबाहेर गेल्यावर.

आता कायद्याचं. ७ मे २०२२ ला रांचीत विशेष गरजा असलेल्या एका मुलाला इंडिगोनं विमानात चढू दिलं नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, कंपनीला पाच लाख रुपये दंड केला आणि जुलैमध्ये नियम बदलला. दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर विमानतळावर डॉक्टरनं प्रत्यक्ष तपासून मत द्यायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्टपणे नोंदलेली आहे.

विमान कंपन्यांच्या नोंदींत अशा प्रवाशासाठी चार अक्षरांचा संकेत असतो: डीपीएनए, म्हणजे बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेला, मदत हवी असलेला प्रवासी. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, फोन करून तो नोंदवून घ्या. पलीकडच्याला कळलं नाही तर अक्षरं एकेक करून सांगा, आणि नोंद झाल्याचा मेसेज आल्याशिवाय फोन ठेवू नका.