बॅग भरण्याआधी: विमानप्रवासात सामान आणि तपासणीचे नियम समजून घ्या

विमानतळावर कुणाला सोडायला गेलात की काउंटरच्या बाजूला एक दृश्य हमखास दिसते. बॅग जमिनीवर उघडी पडलेली, अम्मी बाहेर काढलेल्या लोणच्याच्या बरणीकडे बघतायत, मुलगा काट्याकडे धावतोय आणि अब्बा हातात पासपोर्ट धरून घड्याळ पाहतायत. आमच्या घरातले चौघे उमराहला निघाले तेव्हा आमचीही हीच गत झाली. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. बॅगा सगळ्या घराने मिळून भरल्या होत्या, आणि आत नेमके काय आहे हे कुणा एकालाही पूर्ण ठाऊक नव्हते.

आपल्यातली बरीच माणसे पहिल्यांदा विमानात बसतात ती उमराहसाठी, नाहीतर आखातात नोकरी करणाऱ्या मुलाकडे जायला. नियम अवघड नाहीत, पण ते घरीच समजून घ्यायला हवेत.

आधी वजन

सामान दोन प्रकारचे. काउंटरवर देतो ते चेक-इन, आणि सोबत नेतो ती केबिन बॅग. चेक-इनची मर्यादा तिकिटावरच लिहिलेली असते. ‘३० के’ म्हणजे एकूण ३० किलो. ‘२ पीसी’ म्हणजे दोन नग, आणि प्रत्येक नगाचे वजन ठरलेले, बहुतेक वेळा २३ किलो. नगांच्या तिकिटावर एक बॅग १८ किलोची आणि दुसरी २८ ची चालत नाही. कोणतीही एक बॅग ३२ किलोच्या वर घेत नाहीत, कारण ती माणसांना हाताने उचलावी लागते.

नागपूर किंवा संभाजीनगरहून मुंबईला वेगळ्या तिकिटावर येत असाल तर जास्त सांभाळा. देशातल्या प्रवासाला साधारण १५ किलोच मिळतात. पुढच्या तिकिटावर ३० किलो आहेत म्हणून पहिल्या विमानात ते चालत नाहीत. जादा वजन लागणार असेल तर आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर ते महाग पडते. घरात काटा नसेल तर वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवून बघा.

केबिन बॅग साधारण ७ किलोची आणि एकच. तिची लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत असावी.

कुठली वस्तू कुठे

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या नेहमी हातातल्या बॅगेत. लिथियम बॅटरी कधी पेट घेते. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी विझवू शकतात, खाली सामानाच्या कप्प्यात कुणीच नसते. मर्यादा १०० वॅट-अवर. बाजारातल्या नेहमीच्या पॉवर बँकसाठी हिशोब सोपा: २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, चालते. २७,००० च्या पुढे गेलात तर एअरलाइनची परवानगी लागते. पॉवर बँकवरचा आकडा पुसला गेला असेल तर ती घरीच ठेवा.

कात्री, चाकू, ब्लेड चेक-इनमध्ये. लायटर आणि काडेपेटी कुठेच नाही.

परदेशी विमानात हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ १०० मिलीच्या बाटलीपर्यंतच, आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून हा नियम जगभर आला. तूप, मध, चटणी, टूथपेस्ट, अत्तर हे सगळे यात धरतात. बाटली अर्धी रिकामी असली तरी तिच्यावर २०० मिली लिहिले असेल तर ती जात नाही. बाळाचे दूध आणि लागणारी औषधे यांना सूट आहे, पण ती बाहेर काढून दाखवावी लागतात.

आता आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू. सुक्या खोबऱ्यात तेल इतके असते की विमानाच्या नियमांत ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते, म्हणून वाट्या बॅगेत घालू नका. दुसरी खसखस. आपल्याकडे ती साधा मसाला आहे, पण सौदी अरेबियात आणि संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत धरली जाते. खसखस घातलेला घरचा मसालाही नको. तिथे अटक होऊ शकते.

औषधांचेही तसेच. ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची काही औषधे तिकडे नियंत्रित आहेत. त्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. बाकीची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

दुसऱ्याचे पार्सल

“एवढंसं पाकीट आहे, तिकडे माझा भाचा घ्यायला येईल.” हे ऐकल्यावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. तरीही म्हणा. २०१९ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात दोहा विमानतळावर चरस सापडली. पाकीट नात्यातल्याच व्यक्तीने दिले होते. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटून घरी यायला २०२१ उजाडले.

बॅग आणि माणूस यांची सांगड विमानवाहतुकीत इतकी कडक का, यालाही इतिहास आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर उडवले गेले, ३२९ माणसे गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती विमानात चढली, तिचा मालक चढलाच नव्हता. आज प्रवासी आला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात, त्यात विमानाला उशीर झाला तरी. “ही बॅग तुम्हीच भरली का?” या प्रश्नाला मनापासून “हो” म्हणता आले पाहिजे.

तपासणीच्या रांगेत

मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक आणि पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवा. महिलांची तपासणी महिला कर्मचारीच करतात, पडद्याआड. नकाब असेल तर ओळख पटवण्यासाठी चेहरा दाखवावा लागतो. महिला अधिकारी बोलवा असे शांतपणे सांगा, त्यात संकोच नको. थट्टेतही ‘बॉम्ब’ हा शब्द तोंडातून काढू नका, हे मुलांनाही बजावून ठेवा.

वृद्धांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचा, कारण काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतात.

उमराहला जाताना

इहरामचे कापड चेक-इन बॅगेत टाकू नका. जेद्दाला उतरण्याआधीच, विमान हवेत असताना मीकात येऊन जातो, आणि बॅग तर उतरल्यावर मिळते. इहराम अंगावर नेसा किंवा हातातल्या बॅगेत ठेवा. केस कापायची कात्री मात्र चेक-इनमध्ये.

परतताना झमझमच्या बाटल्या कपड्यांच्या बॅगेत दडवू नका, २०२२ पासून सौदीने त्यावर बंदी घातली आहे. विमानतळावर पाच लिटरची सीलबंद बाटली वेगळ्या खोक्यात मिळते. ती मोफत नेता येते की वजनात धरतात, हे एअरलाइनला आधी विचारून ठेवा.

दुसऱ्या वेळी आम्ही एवढेच केले: जो जाणार त्यानेच आपली बॅग भरायची, बाकीच्यांनी वस्तू त्याच्या हातात द्यायच्या, आणि आतल्या सामानाची यादी कागदावर लिहायची. काउंटरवर पाच मिनिटांत काम झाले. निरोपाच्या दुआ निवांत झाल्या, आणि लोणच्याची बरणी घरीच राहिली.