ओसरीवरचे पक्षिनिरीक्षण

सकाळचा चहा होतो, घरातली माणसे शेताकडे निघतात, नातवंडे शाळेला जातात आणि ओसरीवर आपण एकटे उरतो. पुढचे दोन तास सरता सरत नाहीत. मात्र त्याच वेळी अंगणात केवढी वर्दळ असते! शेवग्यावर बुलबुलांची जोडी उतरते, सातभाईंचा थवा पाचोळा उलथत कलकलाट करतो, तारेवरचा कोतवाल किड्यावर झेप घेऊन पुन्हा जागेवर येतो.

यासाठी रानात जायला नको. मातीचे एक पसरट परळ बसल्या नजरेच्या उंचीवर, दहा-बारा फुटांवर ठेवावे. मान मागे टाकून झाडाच्या शेंड्याकडे पाहत राहिल्यास उतारवयात भोवळ येऊन तोल जाऊ शकतो; म्हणून पक्षीच समोर यावेत, हे बरे. पाणी दोन बोटे पुरे. ते रोज ओतून परळ घासावे, नाहीतर त्यात डास अंडी घालतात.

छायाचित्रासाठी साधा मोबाइल पुरतो. ऊन आपल्या पाठीमागे असावे. दोन्ही कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकवली की हाताची थरथर कमी होते. पक्ष्यामागे मोबाइल फिरवण्यापेक्षा तो परळाच्या काठावर रोखून वाट पाहावी. घरट्याजवळ मात्र जाऊ नये. आईबाप दूर गेले की कावळा टपलेलाच असतो.

वहीत तारीख, वेळ आणि पक्षी लिहून ठेवावा. अनोळखी पाहुण्यासाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा. हिवाळ्यात शेपटी हलवणारा धोबी, उन्हाळ्यात तांबटाची टुकटुक, पावसाच्या तोंडावर पावशाचे ‘पेर्ते व्हा’. वही भरत जाते, तशी पुढच्या ऋतूची ओढ लागते.

घरच्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वाढत्या वयात बहुधा आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज हरवतात. भारद्वाजाचा खोल घूपकार आजोबांना ऐकू येतो, पण जास्वंदीवरच्या शिंजिराची चिवचिव येत नाही, असे आढळले तर श्रवणतपासणी करून घ्यावी. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरेही याच बारीक आवाजांवर ओळखली जातात. ती निसटली की बोलणे अस्पष्ट वाटते आणि माणूस हळूहळू गप्पांतून मागे सरतो. आपण त्याला तुसडेपणा समजतो; प्रत्यक्षात त्यांना आपले शब्द नीट पोहोचतच नसतात. तसेच, इतरांना स्वच्छ दिसणारे छायाचित्र त्यांना सतत पुसट वाटत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. कारण मोतीबिंदू असू शकेल.

उद्या सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी त्यांची खुर्ची अंगणाकडे वळवून ठेवा. आणि संध्याकाळी परतल्यावर शेजारी बसून विचारा, “आज कोण कोण आले होते?”